सागरी धोरणाचे दोन अहवाल आणि विधिमंडळाकडे जाणारी वाट : अमेरिकेच्या अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना

समुद्र आणि किनारा यांविषयीचे धोरण कोण ठरवतो, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो लोकशाहीच्या रचनेचा प्रश्न आहे. किनाऱ्यावर राहणारा मच्छीमार, समुद्राचा अभ्यास करणारा संशोधक, बंदरे आणि तेलविहिरी उभारणारा उद्योजक आणि राजधानीतील कायदेकर्ता यांच्यात मोठे अंतर असते. हे अंतर कोणत्या मार्गाने ओलांडले जाते आणि ते कोणाला ओलांडता येते, यावर किनाऱ्याचे भवितव्य ठरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केंद्रीय कायदेकर्त्यांशी सागरी प्रश्नांवर संवाद साधण्याची परंपरा सहा दशकांची आहे. आयोग नेमणे, अहवाल सादर करणे, काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्ष देणे, अर्थसंकल्पाच्या वेळी पाठपुरावा करणे, अशी तिची अनेक रूपे आहेत. (या लेखात 'काँग्रेस' म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून होणारी तेथील संसद.) प्रस्तुत लेखात या परंपरेतील १९६९ आणि २००४ सालच्या दोन राष्ट्रीय अहवालांच्या फलिताची तुलना केली आहे. पहिल्या अहवालातून संस्था आणि कायदा उभा राहिला. दुसरा अहवाल अधिक विस्तृत असूनही त्याच्या प्रमुख शिफारशींचे कायद्यात रूपांतर झाले नाही. या फरकाचे कारण अहवालांच्या गुणवत्तेत शोधण्याचा मोह होतो. माझ्या मते ते कारण मुख्यतः विधिमंडळाकडे जाणाऱ्या वाटेच्या रचनेत आहे. ही वाट तयार असेल तर साधी शिफारसही कायदा बनते. ती मोडलेली असेल तर उत्तम शिफारस ग्रंथालयात राहते.

१. १९६९ : कायदेकर्त्यांच्या सहभागातून आलेला अहवाल

१९६६ साली काँग्रेसने सागरी साधनसंपत्ती आणि अभियांत्रिकी विकासासंबंधी एक कायदा केला. त्यानुसार ज्युलियस स्ट्रॅटन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. 'आवर नेशन अँड द सी' हा त्याचा अहवाल जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. या आयोगाच्या घटनेतील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आयोगाच्या सदस्यांबरोबर काँग्रेसचे चार विद्यमान सदस्य सल्लागार म्हणून नेमलेले होते. त्यांत दोन सिनेटर आणि दोन प्रतिनिधी होते. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वॉरन मॅग्नुसन हे त्यांपैकी एक होत. म्हणजेच अहवाल पूर्ण होऊन कायदेकर्त्यांकडे जाण्यापूर्वीच काही कायदेकर्ते त्याच्या विचारप्रक्रियेत सामील झालेले होते.

दुसरी अनुकूल बाब म्हणजे प्रतिनिधीगृहात त्या काळी व्यापारी जहाजवाहतूक आणि मत्स्यव्यवसाय या विषयांची स्वतंत्र स्थायी समिती होती. १८८७ पासून चालत आलेल्या या समितीकडे समुद्राचा विषय हक्काने जात असे. अहवाल कोणाच्या टेबलावर ठेवायचा, हा प्रश्नच उद्भवला नाही. तिसरी बाब योगायोगाची. २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा बार्बराजवळ समुद्रातील तेलविहिरीतून गळती सुरू झाली. तेलाने माखलेल्या किनाऱ्याची आणि पक्ष्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि किनाऱ्याचा प्रश्न सर्वसामान्य मतदाराचा झाला.

या तिहेरी अनुकूलतेचे फळ लवकर दिसले. ऑक्टोबर १९७० मध्ये राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासन, म्हणजे 'नोआ', ही संस्था स्थापन झाली. २७ ऑक्टोबर १९७२ रोजी किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायदा अस्तित्वात आला. हा कायदा राज्यांवर सक्ती करत नाही. जे राज्य आपला किनारी आराखडा तयार करील त्याला केंद्राचे अनुदान मिळते. शिवाय केंद्र सरकारच्या स्वतःच्या कृतीही त्या आराखड्याशी शक्य तितक्या सुसंगत असल्या पाहिजेत, असे बंधन केंद्रावर येते. अनुदानापेक्षा ही सुसंगतीची तरतूद अधिक मोलाची ठरली. तिच्यामुळे राज्याला केंद्राच्या निर्णयाला कायद्याच्या आधारे आव्हान देण्याची जागा मिळाली. पात्र अशा ३५ राज्ये व प्रदेशांपैकी ३४ या योजनेत सहभागी आहेत; अलास्का २०११ साली बाहेर पडले.

येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. नोआची स्थापना काँग्रेसच्या स्वतंत्र कायद्याने झाली नाही. ती अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या पुनर्रचना योजनेने झाली. त्यामुळे १९६९ च्या अहवालाचे सर्व फलित विधिमंडळाचे होते असे म्हणता येणार नाही. परंतु हा अपवाद लेखातील प्रतिपादनाला बाधा आणत नाही. २००४ च्या आयोगाला नोआसाठी मूलभूत कायदा करावा अशी शिफारस करावी लागली, यावरून आदेशाने उभ्या राहिलेल्या संस्थेचा पाया किती अपुरा वाटत होता हे दिसते.

२. २००४ : विस्तृत अहवाल, हरवलेली वाट

तीन दशकांनंतर समुद्राची स्थिती बदलली होती. मासळीचे साठे घटले होते, किनाऱ्यावरील वस्ती वाढली होती आणि नद्यांतून येणारे प्रदूषण गंभीर झाले होते. जून २००३ मध्ये लिऑन पॅनेटा यांच्या अध्यक्षतेखालील प्यू महासागर आयोगाने आपला अहवाल दिला. हा आयोग खासगी धर्मादाय निधीवर चाललेला होता. दरम्यान काँग्रेसने २००० साली केलेल्या महासागर कायद्यानुसार अॅडमिरल जेम्स वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली १६ सदस्यांचा सरकारी आयोग नेमला गेला. त्याचा 'अ‍ॅन ओशन ब्लूप्रिंट फॉर द ट्वेंटीफर्स्ट सेंचुरी' हा अहवाल २० सप्टेंबर २००४ रोजी सादर झाला. त्यात २१२ शिफारशी होत्या.

अहवाल म्हणून या ग्रंथाची योग्यता वादातीत आहे. परिसंस्थेला केंद्रस्थानी ठेवून व्यवस्थापन करावे, विखुरलेल्या खात्यांत समन्वय असावा, तेल व वायूच्या उत्पन्नातून सागरी विश्वस्त निधी उभारावा, या त्यातील सूचना आजही विचारार्ह आहेत. दोन वेगळ्या पार्श्वभूमीच्या आयोगांचे बहुतेक प्रश्नांवर एकमत व्हावे, हेही उल्लेखनीय होते. तथापि त्याच्या रचनेतच एक दोष आहे, असे मला वाटते. २१२ शिफारशींत अग्रक्रम शोधणे कायदेकर्त्याला सोपे नसते. ज्या अहवालात सर्वच महत्त्वाचे असते, त्यातील काहीच तातडीचे ठरत नाही.

परंतु अधिक मोठी अडचण अहवालाबाहेर होती. जानेवारी १९९५ मध्ये प्रतिनिधीगृहातील नव्या बहुमताने व्यापारी जहाजवाहतूक व मत्स्यव्यवसाय समिती रद्द केली आणि तिचे विषय इतर समित्यांत वाटून टाकले. आयोगाच्याच निरीक्षणानुसार केंद्राच्या १५ पैकी ११ मंत्रालयांचा समुद्राशी संबंध येत होता. तिकडे कार्यकारी शासन विभागलेले आणि इकडे विधिमंडळही विभागलेले, अशी स्थिती झाली. कॅलिफोर्नियाचे सॅम फार आणि त्यांचे काही सहकारी यांनी आयोगांच्या शिफारशींवर आधारलेले सर्वंकष महासागर विधेयक २००४ साली मांडले. पुढील वर्षांत ते पुन्हा पुन्हा मांडले गेले, पण संमत झाले नाही. अनेक समित्यांच्या कक्षेतून जाणाऱ्या सर्वंकष विधेयकाला थांबवण्याच्या जागा अनेक असतात आणि त्याला पुढे नेण्याची जबाबदारी एकाही समितीची नसते.

शेवटी राष्ट्रीय महासागर धोरण आले ते अध्यक्षीय आदेशाने. जुलै २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी ते जाहीर केले. जून २०१८ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्या आदेशाने ते रद्द केले. आठ वर्षांचे काम एका स्वाक्षरीने मागे घेता आले, कारण ते विधिमंडळात रुजलेले नव्हते.

मात्र याच अहवालाची एक शिफारस यशस्वी झाली आणि तिचे यश उद्बोधक आहे. मासेमारीची मर्यादा वैज्ञानिकांच्या शिफारशीनुसार ठरावी, असा आग्रह आयोगाने धरला होता. १९७६ चा मत्स्यव्यवसाय कायदा, जो मॅग्नुसन यांच्या नावाने ओळखला जातो, त्या सुमारास पुनर्मंजुरीसाठी काँग्रेससमोर होता. जानेवारी २००७ मध्ये स्वाक्षरी झालेल्या सुधारणेत वार्षिक पकडमर्यादा बंधनकारक झाली. तसेच वैज्ञानिक समितीने सुचवलेल्या पातळीपेक्षा ती जास्त ठेवता येणार नाही, असे ठरले. येथे जुना कायदा होता, ठरलेली समिती होती आणि पुनर्मंजुरीचा नियत प्रसंग होता. वाट तयार होती म्हणून शिफारस पोहोचली.

३. न्यायालय, अर्थसंकल्प आणि कायदा

विधिमंडळाशी सातत्याने संबंध ठेवण्याचे महत्त्व आणखी दोन प्रसंगांतून स्पष्ट होते. पहिला प्रसंग सुसंगतीच्या तरतुदीचा. कॅलिफोर्नियाजवळील समुद्रतळाचे तेलासाठी भाडेपट्टे देताना राज्याच्या आराखड्याचा विचार करावा लागेल काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याविरुद्ध निर्णय दिला. भाडेपट्टा देण्याने किनाऱ्यावर थेट परिणाम होत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. किनारी राज्यांनी हा प्रश्न काँग्रेसकडे नेला. १९९० च्या दुरुस्तीने हा अर्थ बदलला आणि असे भाडेपट्टेही सुसंगतीच्या कक्षेत आले. न्यायालयात हरलेली बाजू विधिमंडळात जिंकली, कारण दुरुस्त करण्यासाठी कायदा अस्तित्वात होता.

दुसरा प्रसंग अर्थसंकल्पाचा. १९८२ च्या आर्थिक वर्षापासून काँग्रेसने अंतर्गत व्यवहार खात्याच्या विनियोजन विधेयकात एक अट घालण्यास प्रारंभ केला. ठरावीक सागरी क्षेत्रांत तेलाचे नवे भाडेपट्टे देण्यासाठी सरकारने पैसा खर्च करू नये, अशी ती अट होती. प्रथम कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुरती असलेली ही बंदी पुढे दोन्ही महासागरांच्या बहुतेक किनाऱ्यांपर्यंत वाढली. ती दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावी लागे. २००८ साली इंधनाचे दर भडकले, लोकमत फिरले आणि त्या वर्षी ३० सप्टेंबरनंतर ती चालू राहिली नाही. पाव शतक टिकलेली ही व्यवस्था पाठपुराव्याचे बळ दाखवते आणि वार्षिक मंजुरीवर विसंबण्याचा धोकाही दाखवते.

४. महाविद्यालय : मधला दुवा

अमेरिकी व्यवस्थेतील जो भाग अध्यापकवर्गाने विशेष अभ्यासावा असा आहे, तो म्हणजे 'सी ग्रँट'. १८६२ च्या कायद्याने शेतीसाठी जमीन-अनुदान महाविद्यालये उभी राहिली. तशीच समुद्रासाठी का असू नयेत, असा प्रश्न मिनेसोटा विद्यापीठातील अॅथेलस्टन स्पिलहॉस यांनी १९६३ साली उपस्थित केला. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी तो उचलून धरला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये कायदा झाला. केंद्राच्या दोन डॉलरांमागे स्थानिक स्रोतांतून एक डॉलर, या तत्त्वावर विद्यापीठांना संशोधन, शिक्षण आणि विस्तारकार्य यांसाठी साहाय्य मिळते. १९७९ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक वर्ष राजधानीत काँग्रेस सदस्यांच्या किंवा प्रशासनाच्या कार्यालयांत काम करण्याची अधिछात्रवृत्तीही दिली जाते. तिला पुढे जॉन नॉस यांचे नाव देण्यात आले.

या योजनेत ज्ञान दोन्ही दिशांनी वाहते. विस्तार कार्यकर्ता कोळंबी धरणाऱ्याच्या धक्क्यावर जातो आणि तेथील अडचण प्रयोगशाळेत आणतो. विद्यार्थी प्रयोगशाळेतून कायदेकर्त्याच्या कार्यालयात जातो आणि विधेयकाची भाषा शिकतो. अनुदान घेणाऱ्या संस्थेने त्या पैशातून विधेयकासाठी दबाव आणू नये, माहिती मात्र द्यावी, अशी मर्यादा असते. ही मर्यादा कधी अडचणीची वाटली तरी तिच्यामुळे दोन्ही पक्षांचे सदस्य या संस्थांचे ऐकतात. २०१७ साली ट्रम्प प्रशासनाने पुढील अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद पूर्ण काढून टाकण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा काँग्रेसने तो मानला नाही. आपल्या राज्यातील विद्यापीठ आणि त्यावर अवलंबून असणारे लोक त्या सदस्यांना ठाऊक होते. पन्नास वर्षांचे विस्तारकार्य त्या वेळी उपयोगी पडले.

५. या वाटेच्या मर्यादा

उपरोक्त विवेचनावरून अमेरिकेची व्यवस्था आदर्श आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी देशाच्या नियंत्रणाखाली आणली आणि आठ प्रादेशिक मत्स्यव्यवसाय परिषदा स्थापन केल्या. परिषदांत व्यवसायातील माणसांना स्थान मिळाले. लोकसहभागाच्या दृष्टीने हे स्तुत्य होते. परंतु परदेशी जहाजे गेल्यावर देशी जहाजांची संख्या वाढली, परिषदांनी कठोर मर्यादा टाळल्या आणि न्यू इंग्लंडच्या समुद्रातील कॉड माशांचा साठा खालावला. डिसेंबर १९९४ मध्ये जॉर्जेस बँकचे मोठे क्षेत्र बंद करावे लागले. ज्याचा संबंध त्याचा सहभाग, हे तत्त्व पुरेसे नाही. सहभागावर विज्ञानाची मर्यादा नसेल तर तो आजच्या पकडीसाठी उद्याचा मासा खर्च करतो. ही चूक दुरुस्त व्हायला २००७ साल उजाडले.

दुसरी मर्यादा विषमतेची आहे. राजधानीत जाऊन कायदेकर्त्याची भेट घेणे हे वेळ, पैसा आणि भाषा असणाऱ्याचे काम आहे. तेल कंपन्यांचे प्रतिनिधी तेथे कायम वास्तव्यास असतात; छोट्या होडीचा मालक एक दिवस गेला तर त्या दिवसाची कमाई जाते. भेटीचा हक्क सर्वांना सारखा असतो, भेटीची ऐपत नसते. तिसरी मर्यादा अल्पमताच्या नकाराधिकाराची. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराला सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २००४ आणि २००७ साली अनुकूलता दर्शवली. परंतु २०१२ साली ३४ सिनेटरांनी विरोध जाहीर केल्यावर दोन तृतीयांश बहुमत अशक्य झाले आणि मंजुरी मिळाली नाही. विधिमंडळाची वाट टिकाऊ असते, तशीच ती अडवण्यासही सोपी असते.

६. भारतीय संदर्भ

ही चर्चा आपल्याशी कोठे जोडली जाते? भारतात किनाऱ्याचे प्रमुख नियमन संसदेने चर्चा करून संमत केलेल्या किनारी कायद्याने होत नाही. ते १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली काढलेल्या अधिसूचनेने होते. पहिली किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. पुढील वीस वर्षांत तिच्यात वीसहून अधिक दुरुस्त्या झाल्या. त्यानंतर २०११ ची आणि २०१९ ची अधिसूचना आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील विकासनिषिद्ध पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत खाली आणला. मुंबईतील कोळीवाडे असोत की गोव्यातील खाजन जमिनी, त्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या या दस्तऐवजावर संसदेचे मतदान आवश्यक नसते. नागरिकाला मिळतात ते मसुद्यावर हरकती नोंदवण्याचे साठ दिवस. अमेरिकेतील २०१० च्या आदेशाची जी दुर्बलता वर पाहिली, ती आपल्या संपूर्ण किनारी नियमनाच्या मुळाशी आहे.

मात्र आपल्याकडेही विधिमंडळाची वाट एकदा उघडली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या किनारी व्यवस्थापन क्षेत्राच्या मसुद्याला देशभरच्या मच्छीमार संघटनांनी विरोध केला. संसदेच्या संबंधित स्थायी समितीने तो विषय हाती घेतला. मच्छीमार समाजाच्या शंकांचे निराकरण होईपर्यंत मसुद्याची अंमलबजावणी करू नये, अशी भूमिका तिने २००९ साली घेतली. पुढे एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि जुलै २००९ मध्ये तो मसुदा व्यपगत झाला. संघटनांचा दबाव, संसदीय समिती आणि तज्ज्ञांचे मत एकत्र आले तेव्हा परिणाम झाला. हा अनुभव नियमित व्यवस्थेत रूपांतरित झाला नाही, ही खेदाची बाब आहे.

अर्थात संसदेचा कायदा म्हणजे किनाऱ्याचे रक्षण, असे समीकरण मांडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये किनारी क्षेत्रातील व्यापारी कोळंबी शेतीवर बंदी घातली. त्यानंतर संसदेनेच २००५ साली कायदा करून तिला नियमनाखाली मार्ग मोकळा करून दिला. तरीही कायद्याच्या बाबतीत निदान मतविभागणी झाली तर कोणी काय मत दिले हे नोंदलेले राहते आणि त्या प्रतिनिधीला त्याच्या मतदारसंघात जाब विचारता येतो. अधिसूचनेच्या बाबतीत जाब विचारण्यासाठी चेहराच नसतो.

येथे महाविद्यालयांचा प्रश्न येतो. जमीन-अनुदान महाविद्यालयांचा नमुना भारताने कृषी विद्यापीठांच्या रूपाने स्वीकारला. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय ही कोकणातील त्याची फळे होत. सी ग्रँटचा नमुना मात्र आपण घेतला नाही. खासदारांना अभ्यास-साहाय्य देणारी 'लॅम्प' अधिछात्रवृत्ती पीआरएस या संस्थेमार्फत चालते, पण ती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. किनारी जिल्ह्यातील महाविद्यालय, मच्छीमार सहकारी संस्था आणि त्या मतदारसंघाचा खासदार यांना जोडणारी निश्चित रचना नाही. भाषेची अडचणही मोठी आहे. २०२० साली पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाचा मसुदा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. जो मसुदा कोळ्याला वाचता येत नाही, त्यावर तो साठ दिवसांत हरकत कशी घेणार?

समारोप

दोन अमेरिकी अहवालांच्या तुलनेतून तीन गोष्टी हाती लागतात. एक, ज्ञान कायद्यात उतरते ते त्याच्या श्रेष्ठतेमुळे नव्हे, तर ठरलेली समिती, ठरलेला प्रसंग आणि कायद्याचा आधार असेल तेव्हा. दोन, आदेश आणि अधिसूचना जलद असतात, पण जितक्या जलद येतात तितक्याच जलद जातात. तीन, लोकसहभाग आणि विज्ञान यांपैकी एकाला वगळले तर दुसरे दुबळे होते. न्यू इंग्लंडचा कॉड हे त्याचे उदाहरण होय.

या निष्कर्षांच्या आधारे दोन मागण्या सुचवाव्याशा वाटतात. किनारी नियमनाचा प्रत्येक नवा मसुदा संसदेच्या स्थायी समितीकडे अनिवार्यपणे जावा. तसेच त्याचा मराठी व इतर किनारी भाषांतील पाठ मसुद्यासोबतच उपलब्ध व्हावा. तिसरी गोष्ट मागणीची नसून कर्तव्याची आहे. किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी मसुदा येण्याची वाट न पाहता आपल्या परिसरातील खाड्या, बंदरे, वस्त्या आणि मासळी यांच्या नोंदी ठेवाव्यात. त्या मराठीत तयार करून आपल्या खासदाराकडे आणि समितीकडे नियमितपणे पाठवाव्यात. भूगोल, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे चार विभाग एका महाविद्यालयात असतातच. त्यांना एका कामावर आणण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. साठ दिवसांचे घड्याळ सुरू होईल तेव्हा अशा नोंदी तयार असणे, हाच विधिमंडळाकडे जाणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा होय.